डाग बघायला

२३ एप्रिल

अंगणातली विटांची शेगडी ढासळली! हिवाळ्यात आत पाणी मुरलं असणार. आज नुसता हात लावला तर निम्म्या विटा पायाशी आल्या. पाय शाबूत आहे, देवाची कृपा. पण सहा मेला आमच्या घराच्या संताचा दिवस. दारात येईल त्याला निखाऱ्यावरचं मांस वाढायचं, आणि शेगडीच नाही.

शेवटी खोपटातली मिलोयेची शेगडी ओढून बाहेर काढली. मिलोये माझा धाकटा दीर; जर्मनीहून परतताना त्याने भावासाठी हौसेने आणलेली. गोल झाकण, बाजूला पांढरं प्लास्टिकचं टेबल. चार वर्षं ताडपत्रीखाली पडून होती.

माझा नवरा रातोमीर लांबूनच गुरगुरला. "त्या भांड्याला मी हात लावायचा नाही." मग दाराशी थांबून, "आणि लावायचाच झाला, तर आधी ते टेबल धू. चार लोकांत असल्या घाणीपाशी उभा राहणार नाही मी."

म्हणजे लावणार!

२४ एप्रिल

टेबल काय, अख्ख्या भांडणाचा नकाशा आहे. हे वितळलेलं भोक — मिलोयेने तापलेला चिमटा आपटला तिथलं. हा काळा पट्टा काजळीचा. आणि कोपऱ्यात हा मोठा लाल डाग — भाजलेल्या मिरच्यांचं माझं आयवार सांडलं, ते कुणी पुसलंच नाही. सगळे त्या दोघांकडे बघत होते ना.

झालं होतं काय? सोडा! रातोमीर चेवापीच्या, म्हणजे आमच्या खिम्याच्या कबाबांच्या, मांसात चिमूटभर सोडा घालतो. लेस्कोवात्सच्या खानावळीत जन्मभर तसंच केलं, लोक बोटं चाटत खायचे. आणि भर पाहुण्यांत मिलोये म्हणाला, "माझ्या भावाला मांस फुगवायला सोडा लागतो. पावच भाजायचा होता तर भट्टी टाकायचीस!" सगळे हसले. रातोमीरने शेगडीचं झाकण आपटलं आणि घरात गेला. मिलोये गाडी काढून निशला आपल्या घरी गेला. तेव्हापासून बोलणं नाही.

बोलावून घ्यावं, तर आमच्यात या दिवसाचं आमंत्रण कुणालाच नसतं. ज्याला यायचं तो आपणहून येतो. बोलावलं तर उलट अपमान, जणू त्याला घर परकं! चार वर्षं दरवेळी त्याचं ताट मांडते आणि उचलून ठेवते.

२५ एप्रिल

तारेच्या घासणीने घासलं. काजळी निघाली, पण चरे पडले आणि लाल रंग चऱ्यांत जाऊन बसला. हुशारी!

मग एक सुचलं. सणाला बोलवायचं नाही. पण डाग कसा काढायचा, हे विचारायला कुणाची बंदी आहे? शेगडी त्याने आणली, त्याला माहीत असणारच.

फोन लावला.

"वहिनी?" आणि पाठोपाठ, "सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तुझ्या शेगडीचं टेबल खराब झालंय."

"तार लावलीस ना? लावलीसच! अगं वहिनी, प्लास्टिक आहे ते, कढई नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ फडकं. मग पाण्यात सोडा कालवून घट्ट लेप लाव, जुन्या दातांच्या ब्रशने हळू घास."

"सोडा?"

"सोडा." आणि हसला! "निदान इथे तरी तो कामाचा."

फोन ठेवून रडले थोडी. बरं वाटलं.

२८ एप्रिल

लेपाने तेलकटपणा गेला, लाली फिकट झाली. रातोमीर येऊन वाकून बघून गेला.

२९ एप्रिल

पुन्हा लाल! त्याच कोपऱ्यात, तसाच! काल मी स्वतः पुसला होता.

रातोमीर म्हणतो, "तुला काय कळतं त्यातलं? विचार कुणाला तरी." कसा बोलतो हा माणूस! पण विचारलं.

मिलोयेही बुचकळ्यात पडला. "प्लास्टिकच्या पोटात मुरलं असेल, उन्हाने वर येत असेल. असं कर, त्यावर खायचं तेल चोळ, रंग तेलात उतरतो. पुसून साबणाने धू आणि दिवसभर कडक उन्हात ठेव. ऊन लाली खातं." मग सहज विचारल्यासारखं, "दादाच्या गुडघ्याचं कसं आहे?"

गुडघ्याचं अर्धा तास सांगितलं मी.

१ मे

ऊन, ऊन, ऊन! डाग गेला. टेबल दुधासारखं. सूर्याचे आभार, तेलाचे आभार, सोड्याचेसुद्धा.

२ मे

परत आला!! कुत्र्याचं शेपूट बरं. मिलोये फोनवर म्हणाला, "हे काही खरं नाही, वहिनी. असा डाग मी जन्मात पाहिला नाही." मग घसा खाकरून, "सहा तारखेला त्या बाजूला काम आहे माझं. वाटेत बघून जाईन. डाग."

"ये की. डाग बघायला."

३ मे

तळघरात आयवारच्या बरण्या कमी दिसतात. रातोमीर चमच्याने खातो की काय! पोट बिघडेल, मग माझ्याच नावाने ओरडेल.

६ मे

हात दुखताहेत, पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

सकाळी फाटकाला सणाच्या, विलो झाडाच्या हिरव्या डहाळ्या बांधत होते, तोच गाडी थांबली. मिलोये — डोक्यावरचे केस सगळे पांढरे! "डाग बघायला आलोय," म्हणाला. रातोमीर शेगडीपाशी होता. मान वर न करता म्हणाला, "उशीर केलास. मांस मळून झालं."

"सोडा?"

मी हातातली डहाळी टाकून तिकडे धावले.

"घातलाय. चिमूटभर."

मिलोयेने निखाऱ्यावरचा एक कबाब उचलला, तोंड भाजत खाल्ला. "मऊ झालंय," म्हणाला. रातोमीरने ऐकलं नाही असं दाखवलं आणि त्याच्या ताटात आणखी दोन टाकले.

पाद्री आले तेव्हा रिवाजाप्रमाणे सणाची भाकर दोघांनी मिळून धरली आणि फिरवली. त्याचं ताट आज मला उचलावं लागलं नाही. देवा, एवढंच मागत होते.

गडबडीत डाग बघायचा राहूनच गेला.

७ मे

सकाळी टेबलावर शेवटचा हात फिरवला. डाग एका पुसण्यात निघाला, कालच सांडल्यासारखा. रातोमीर पायरीवर कॉफी घेत बसला होता. त्याला म्हटलं, "बघ, गेला एकदाचा!"

"जाणारच," तो म्हणाला. "आयवारची शेवटची बरणी संपली. आता पुन्हा भांडणं परवडायचं नाही."