धक्का घेणारी

७ नोव्हेंबर
तेवीस फिल्म आल्या! घानातल्या आमच्या या तामाले शहरात नाचाच्या फिल्मचा पहिलाच एका दिवसाचा महोत्सव भरवतेय आणि तेवीस! दाखवायच्या सहा. निवडणारी मी एकटीच, म्हणजे भांडण नाही. शेवटची फिल्म माझी — आझारामावशीच्या तोरा नाचाची. यात संकोच कसला? चांगली आहे.

९ नोव्हेंबर
वुनपिनी शिंपिणीची फिल्म बाद. मोबाइल खुर्चीवर ठेवला आणि बायकांना नाचू दिलं, बस्स. अकरा मिनिटं कॅमेरा जागचा हलत नाही. मधूनच कोंबडी जाते.

१० नोव्हेंबर
आझारामावशीला माझी फिल्म दाखवायला गेले. बायकांबरोबर शिआच्या बियांचं लोणी फेटत बसली होती. कोपरापर्यंत माखलेले हात तसेच वर धरून पाहिली.

"माझे दात दिसले," म्हणाली. "नाच कुठाय?"

मी सांगितलं — चेहरा जवळून घेतला की भाव कळतो.

"भाव? अगं, तोरा म्हणजे दोघींनी ढुंगणाला ढुंगण आपटायचं! मी धक्का दिला, तो घेणारी कुठे गेली? कापलीस? मी काय हवेला धडका देत होते?"

लोणी फेटणाऱ्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र राग आला होता.

११ नोव्हेंबर
तिला कळत नाही. मला कळतं.

१३ नोव्हेंबर
पुन्हा गेले. मुद्दाम वुनपिनीची दाखवली — बघ, वाईट फिल्म कशी असते! मावशीनं हात पुसले. तीनदा पाहिली. "ही सानातू बघ, धक्का चुकवतेय लबाड! पोरवयापासून अशीच."

चौथ्यांदा मलाही दिसलं. सानातू चुकवते, तोल जातो, आणि पुढच्या टाळीला अख्खी रांग सरकून तिला सावरून घेते. चेहरा एकीचाही नीट दिसत नाही. काही अडत नाही.

माझी काढली. वुनपिनीची घेतली. वाईट वाटलं — पण निर्णय बरोबर आहे, यात शंका नाही.

२० नोव्हेंबर
शाळेचा हॉल गच्च! भर दुपारी खिडक्यांना कापडं लावून अंधार केला. वुनपिनीची फिल्म लागली आणि बायका उठून पडद्यापुढेच नाचायला लागल्या. मागून पुरुष ओरडतायत, "बसा गं, फिल्म दिसू द्या!"

सानातू वळून म्हणाली, "तिथं पण आम्हीच आहोत. इथंच बघा!"

२३ नोव्हेंबर
सकाळी आझारामावशी आली. पुढच्या वर्षी फिल्म मी एकटी नाही, नाचणाऱ्या अकरा बायका निवडणार. विचारलं नाही, सांगितलं! त्यांत मलाही घेतलंय — "एक वर्ष बघू. जमलं तर कायम." मी हो म्हणायच्या आत गेलीसुद्धा.