दोरीपलीकडचे भाऊजी

ता. २ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

माझा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, डोकं मोकळं आहे. तेव्हा मी येत नाही म्हणून बेत मोडायचा नाही. शेजारीण माझ्या जेवणाखाणाचं बघते. ज्या शिडीवरून मी पडले ती तिने कुठेतरी लपवली आहे आणि विचारलं की विषय बदलते.

द्राक्षमळ्यातलं ते जुनं दगडी घर तू सगळ्यांसाठी भाड्याने घेतलंस हे फार बरं केलंस. यांना मी सांगितलंय की दादा येणार नाही. दादाला तू सांग की हे येणार नाहीत. एकदा दोघं एका छपराखाली आले की पुढचं तू निस्तर.

हसू नकोस. यांची दाढ काढल्याचं निमित्त झालं आणि अबोल्याला आता दोन वर्षं होतील. दादाने चांगली दाढ उपटली आणि किडकी तशीच ठेवली असं हे म्हणतात. दादा म्हणतो, जन्म गेला लोकांच्या तोंडात बघण्यात, मला किडकी दाढ कळत नाही होय? यांनी ती दाढ गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कापूस घालून ठेवली आहे. आयुष्यभर कोर्टात कारकुनी केली ना, घरच्या भांडणालाही मुद्देमाल लागतो.

मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण वहिनी गेल्यापासून दादा खचलाय, दातांचा दवाखानाही बंद केला. आता समुद्रापार मुलाकडे कायमचा जायचं म्हणतोय. असा रागावून गेला तर हे दोघं पुन्हा एकमेकांचं तोंड बघतील असं मला वाटत नाही. हे तोंडाने काही बोलत नाहीत. पण रविवार सकाळ आली की बुद्धिबळाचा पट काढतात, फडक्याने पुसतात आणि परत कपाटात ठेवतात. मला ते बघवत नाही गं.

मावशीला प्रवासात लोकरीचं घालायला दे. तिला ऐकू येत नाही असं समजून तिच्यासमोर आपला बेत बोलू नकोस. नको ते तिला बरोबर ऐकू येतं.

कामाच्या गडबडीतही थोरल्या बहिणीची आठवण असू दे.
तुझी,
ताई

ता. ९ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोहोचलो. अजून कुणी कुणाचा जीव घेतलेला नाही, एवढं आधी वाच आणि मग पाणी पी.

फाटकाशीच गाठ पडली. दादा भाऊजींना बघून उलट्या पावली फिरला, पण त्याची टॅक्सी धुरळा उडवत निघून गेली होती. भाऊजींनी मावशीला मोठ्याने सांगितलं की त्या गृहस्थांना म्हणावं, डावीकडची बॅग माझी आहे. मावशी म्हणाली, गृहस्थ कुठला, हा तर आपला दादा! आणि तिने दोन्ही बॅगा दादाच्याच हातात दिल्या.

घर मात्र बघत राहावं असं आहे. भिंती हातभर जाड, खिडक्यांत आरामात बसता येतं. खाली तळघरात वाइनची ओळीने पिंपं, आणि त्या गार आंबूस वासाने मावशी पहिल्याच दिवशी चांगली खुलली. बाहेर टेकडीच्या पायथ्यापर्यंत द्राक्षांच्या रांगा. भाऊजींना मूळ मालकाची खोली मिळाली. पडदे लावलेला उंच पलंग आहे, भोवती लाल मखमली दोरी. झोपायला परवानगी आहे, पण दोरी ओलांडून जावं लागतं. हे असं का, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

घरमालकीण फोनवर म्हणाली होती की सकाळी पाहुणे येतात. मला वाटलं, पक्षी. ताई, ते प्रवासी होते! ऐतिहासिक घर म्हणून लोक तिकीट काढून बघायला येतात. किल्ल्यांचा जुडगा घेतलेली राखणदारीणबाई घोळका घेऊन थेट वर चढली. भाऊजींना चादर हनुवटीपर्यंत ओढून डोळे मिटण्याइतकाच वेळ मिळाला. एका बाईने विचारलं, हा मेणाचा आहे का? तिचा नवरा वाकून म्हणाला की बाकी सगळं जमलंय, पण मिशी नीट चिकटवलेली नाही.

जिन्यात उभ्या असलेल्या दादाने हे ऐकलं. त्याला इतकं हसू फुटलं की तो धावत कोठीघरात गेला आणि आतून कडी लावून घेतली. वहिनी गेल्यानंतर त्याला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. भाऊजींनीही ते हसू ऐकलं. तेव्हापासून त्यांनी दादाच्या दिशेचा गालसुद्धा फिरवून घेतलाय. आमचे हे म्हणतात, दोघांना तळघरात कोंडू. मी म्हटलं, पिंपं रिकामी होतील.

रागावू नकोस, जमेल तसं करतेय.
तुझ्या मायेची,
धाकटी

ता. ११ सप्टेंबर

सौ. स,
स. न. वि. वि.

येथील सर्व क्षेम आहे. तुझा भाऊ येणार नाही असे तू सांगितले होतेस. त्याबाबत समक्ष खुलासा करावा.

सकाळी काही मंडळी खोलीत येतात. मी पडून राहतो. आता सवय झाली आहे. काल एका लहान मुलीने माझ्या पायाला गुदगुल्या केल्या, परंतु मी हललो नाही.

तुझा भाऊ न्याहारीला फार कमी खातो. मळ्याकडच्या बाकावर एकटाच बसतो. मी त्याच्याकडे पाहत नाही. खिडकीतून दिसतो. मुलाचा फोन आला की हसून बोलतो आणि फोन ठेवला की बराच वेळ तसाच बसून राहतो. हेही दिसते, म्हणून कळवले.

पायावर भार देऊ नये. शिडी मीच शेजारी ठेवायला सांगितली आहे.

इतउपर काही लिहिण्यासारखे नाही. ममता आहे तशी ठेवावी.
तुझा

ता. १६ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बसून वाच. अर्थात, तू बसलेलीच आहेस म्हणा.

राखणदारीणबाईंचा घसा बसला. माझं औषधांचं दुकान, त्यामुळे सोबत गोळ्या होत्या, त्या दिल्या. पण आवाज काही फुटेना आणि खाली लोक ताटकळलेले. ती हातवारे करून एकेक वस्तू दाखवत वर आली. भाऊजी पलंगावर त्यांच्या जागी होतेच. उशाशी टेबलावर मूळ मालकाचा चष्मा, दौत आणि त्यांच्याच रांगेत भाऊजींची ती डबी, उघडी! रात्री उघडून बघतात वाटतं. एका आजोबांनी विचारलं, ही दाढ कुणाची? बाईने घशाकडे बोट दाखवलं.

दादा दाराशी उभा होता. काय अंगात आलं कोण जाणे, पुढे झाला. अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला की ही या घराच्या मूळ मालकाची दाढ. मालक मोठा हट्टी माणूस. दाढ साफ किडलेली होती, एका निष्णात वैद्याने ती कौशल्याने काढली, पण मालकाने मरेपर्यंत उपकार मानले नाहीत.

मूळ मालक ताडकन पलंगावर उठून बसले आणि ओरडले की दाढ ठणठणीत होती!

दोन बायका किंचाळल्या. एकीच्या हातची छत्री पडली. मग दोघांचं जे जुंपलं, ताई! भाऊजींनी साक्षीदार मागितले, उलटतपासणी घेतली. दादाने आजोबांचाच जबडा उघडून सगळ्यांना कुठली दाढ ते दाखवलं. दोन वर्षं साठलेलं सगळं बाहेर आलं. लोकांना वाटलं, हे तिकिटातलंच नाटक आहे. हसून हसून बेजार झाले, शेवटी टाळ्या वाजवल्या. टाळ्या पडल्यावर दोघं भानावर आले. भाऊजी पायजम्यात होते हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. दादाने दोरी वर धरली आणि भाऊजी खालून वाकून बाहेर आले.

राखणदारीणबाईने मात्र फलकावर खरं काय ते लिहून लोकांना दाखवलं. दाढेला इतिहास नाही म्हणून.

दुपारी दोघं मळ्याच्या कट्ट्यावर बसले होते. मी द्राक्षं धुवायच्या निमित्ताने जवळच घोटाळत होते. दाढ उन्हात धरून बघणं झालं. दादाने भोक दाखवलं. भाऊजी म्हणाले, हे डबीत पडलं. कुणी माघार घेतली नाही. मग भाऊजींनी सरळ विचारलं की मुलाकडे जावंसं वाटतंय का? दादा बराच वेळ पायाने खडा ढकलत राहिला. मग म्हणाला, नाही. पण इथे बोलायला कोण आहे? त्यावर भाऊजी त्याच्यावर इतके खेकसले की बस. म्हणाले, मी काय मेलोय? गेले काही दिवस मेल्यासारखा पडून राहत होतो, ती गोष्ट वेगळी.

दादाने रुमाल काढला. भाऊजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मला बघून लगेच काढून घेतला.

आता पुढचं. गावात बातमी पसरली आणि रोज दुप्पट लोक येताहेत. राखणदारीणबाईने दोघांना द्राक्षांची तोडणी संपेपर्यंत राहून रोज हाच खेळ करायची गळ घातलीय. दादाने मुलाला कळवलंय की सध्या तरी येत नाही. भाऊजींनी तुला विचारतो म्हटलंय, पण नवा पायजमा आधीच विकत घेतलाय. आम्ही बाकीचे परवा निघतोय.

इथलं मी केलं, आता तुझं तू बघ.
तुझी,
धाकटी

ता. २० सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतकी रडले की शेजारीण डॉक्टरला बोलवायला निघाली. मग दाढेचं तिला वाचून दाखवलं, तर तीही माझ्यासारखीच डोळे पुसायला लागली.

यांचंही पत्र आलंय. तोडणी झाली तरी द्राक्षं चेचायचं काम असतं, मग पिंपं भरायची असतात, हे सगळं पाहिल्याशिवाय येणं बरं दिसत नाही म्हणे. खाली दादानेही दोन ओळी लिहिल्यात, की यांची प्रकृती उत्तम आहे, फक्त ऐकत नाहीत. माझं तरी कुठे ऐकतात? दोघांचा समेट व्हावा म्हणून मी देव पाण्यात घातले होते. तो इतका व्हावा असं नव्हतं म्हटलं!

काल प्लास्टर काढलं. काठी घेऊन चालते. डॉक्टर म्हणाले की लांबचा प्रवास जपून करा. म्हणजे करा असंच म्हणाले. शेजारीण सोबत येतेय, तिलाही ते घर बघायचंय.

त्या दोघांना कळवू नकोस. सरळ जाऊन तिकीट काढीन, घोळक्यात मागे उभी राहीन. दौत बघीन, चष्मा बघीन, दादाचं सगळं भाषण निमूट ऐकीन. हे चादर ओढून पडलेले असतील, तिकडे ढुंकून बघणार नाही. शेवटी दादा विचारेलच, कुणाला काही शंका आहे का? तेव्हा काठी वर करीन आणि विचारीन की मालक घरी कधी यायचे आहेत.

मुलांना आशीर्वाद. तुझ्या यांना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई