यंत्रावरचं हिरवं पाकीट

मेइलान,

खादाड कुठली! काल डबा द्यायला लॅबमध्ये आलीस आणि बॅटऱ्या तपासायच्या यंत्रावरचं खाऊचं हिरवं पाकीट फस्त केलंस ना? यंत्राने शहाण्यासारखं वागावं, दिवा हिरवा राहावा म्हणून लॅबमध्ये असं पाकीट ठेवतात; हे माझ्या सीनियरने, होंग्यूदादाने, स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं. दादा वारला त्याला पाच महिने झाले, तरी कुणी हात लावला नव्हता.

त्याने पीएचडीसाठी नवं मिश्रण घालून केलेल्या, कधीच्या मेलेल्या बॅटऱ्या आज सकाळपासून आपोआप भरतायत. मी वायरी काढल्या तरी.

नवं पाकीट घेऊन परत लॅबमध्ये जातेय, हिरवंच. चिडलेय, पण आल्यावर बोलू. चहात उकडलेली अंडी कुकरमध्ये आहेत.

माझा मोबाईल फ्रिजवर आहे. बॅटरी पार संपलीय, चार्जर मी नेलाय. वाजला तर उचलू नकोस.

ताई