दुसरी हाक

१२ जानेवारी १९८७, कोल्हापूर

आलो एकदाचा! पुण्याहून एस.टी.ने येताना हाडं खिळखिळी झाली, पण हाताला काम आहे या आनंदात तेही चालून गेलं. टीव्हीवरच्या मालिकेत सहायक दिग्दर्शक! म्हणजे नटांना चहा नेऊन देणारा, हे मला ठाऊक आहे. आईला पत्रात तेवढं कळवणार नाही. दिग्दर्शक त्र्यंबक साने माणूस मोठा गोड बोलतो.

राहायची सोय गंगावेशीत आक्काताईंच्या माडीवर झाली आहे. आक्काताई साठीच्या, एकट्याच. खाली गोठ्यात एकच म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून नाव चंद्री. संध्याकाळी गिऱ्हाईकं दारात उभी राहतात आणि बाई समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. मी दोन रिचवले. पावणं लईच वाळल्यात, असं त्या शेजारणीला माझ्यासमोरच सांगत होत्या.

२० जानेवारी

इथली एक तऱ्हा मला फार आवडली. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर आणतात आणि मालकाच्या नुसत्या हाकेवर पळवतात. दावं नाही, काठी नाही. आक्काताईंची हाक म्हणजे ‘ये सोन्या, ये ये’, शेवटचा ‘ये’ लांबवून. आठवडाभर गंमत म्हणून मीही तशीच हाक घालत होतो. आज चंद्री समोरची वैरण सोडून माझ्याकडे आली! रेडिओवाल्यांनी माझा आवाज तीनदा नापास केला होता. शेवटी दाद मिळाली ती म्हशीची.

हाक मारली की मूठभर पेंड द्यायचीच, असा आक्काताईंचा दंडक आहे. एकदा मी नुसतीच हाक मारून गंमत बघत राहिलो, तर त्यांनी काम सोडून मला जवळ बोलावलं.

“हाक खरी असाय पायजे, पावणं. जनावर आपल्याला तपासून बघत न्हाय.”

३ फेब्रुवारी

पुढच्या भागात दुष्काळी गाव आहे. तहानेने वेडी झालेली म्हैस दगडाच्या खाणीत कोसळते, असा प्रसंग. भुसा भरलेली म्हैस सान्यांना नको. घरी बसलेल्या माणसाला खोटं लगेच कळतं, तो उठून जातो, असं त्यांचं म्हणणं. पण जितं जनावर कडेला जात नाही. हाकेवर येणारं पाहिजे.

आणि चहाच्या वेळी माझ्या हाकेची फुशारकी मारली ती मीच.

खाली जाळी बांधू या का, असं मी विचारून पाहिलं. म्हशीचं दूध पिऊन तिचा नातेवाईक झालास का, म्हणून साने हसले. सगळेच हसले. मग मीही हसलो.

आक्काताईंना सांगितलं, नुसती पळवायची आहे. हाक तुम्हीच मारणार ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांचा जीव भांड्यात पडला.

६ फेब्रुवारी

काल भर दुपारी ते उरकलं. खाणीच्या काठावर कडबा पसरून कड झाकली होती. मला समोरच्या काठावर उभं केलं. मी हाक मारली. चंद्री पळत आली आणि अगदी कडेला येऊन थांबली. तिला कळलं होतं. पुढचे पाय रोवून ती माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हा वेळ होता. मला फक्त गप्प बसायचं होतं.

सान्यांनी हात वर केला. मी पुन्हा हाक मारली. पहिलीपेक्षा गोड मारली. ती आली.

खाली ती लगेच मेली नाही. त्याबद्दल लिहिणार नाही. सान्यांनी मला मिठी मारली.

पाय घसरला, असं आक्काताईंना सांगितलं. तुम्ही कुठं होता, असं त्यांनी विचारलं. जवळच होतो म्हणालो. खोटं बोलायचंसुद्धा धड जमलं नाही मला.

११ फेब्रुवारी

आज दुपारी माडीवर जेवत असताना हाक ऐकू आली. माझीच. माझ्या आवाजात. खाणीच्या बाजूने. खाण इथून पाच-सहा किलोमीटर आहे.

ध्वनिमुद्रण करणारा चेष्टेने टेप वाजवत असेल, म्हणून त्याला जाऊन गाठलं. त्या दिवशी मायक्रोफोन पेटीतून काढलाच नव्हता, असं तो शपथेवर सांगतो. त्या प्रसंगाला नुसतं संगीत द्यायचं होतं.

१७ फेब्रुवारी

रोज दुपारी. एकदाच. तीच माया आवाजात.

आज भानावर आलो तेव्हा खाणीच्या वाटेवर, पंचगंगेच्या पुलावर होतो. एका पायात चप्पल, गालावर दाढीचा साबण. पाय मला विचारत नाहीत. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

२२ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या टीव्हीपुढे सगळी गल्ली जमली होती. आक्काताईही आल्या. पडद्यावर चंद्री पळाली, थांबली, आणि— दहा सेकंद. लोक चुकचुकले. कसलं खरं घेतलंय, असं कुणीतरी कौतुकानं म्हणालं. लगेच पुढे गाणं लागलं, चहा फिरला.

जिन्यापाशी आक्काताईंनी मला थांबवलं.

“माझी म्हस थांबलीती. दुसऱ्यांदा तुमीच बोलवलासा न्हवं?”

त्यांनी मला घराबाहेर काढलं नाही. ताट वाढलं. भात, आमटी. निदान शिव्या तरी द्यायच्या.

२३ फेब्रुवारी

सकाळी उशीर झाला. पुण्याची गाडी मिळाली, मधली जागा, खिडकी नको. कानात कापूस. दुपार व्हायच्या आत लांब जायचं—

गाडी सुटायलाच बारा—

ऐकली. कापसातून. मीच घंटा मारून उतरलो म्हणे. कंडक्टर ओरडत होता—

खाण. कडेला आहे. वही मांडीवर. लिहीत राहिलो तर पाय—

समोरच्या काठावर कुणी नाही. आवाज आहे. एकदा आला. मी थांबलो. टाचा रोवून थांबलोय. थांबता येतं.

खाली सगळं दिसतंय. तरी किती मायेनं बोलावतो. खोटं वाटतच नाही. तिलाही नसेल वाटलं—

त्यानं आता गप्प बसावं. बाकी काही नको. एवढं एकदा गप्प बसावं. बसेल. आवाज माझाच आहे, माझं काळीज काही इतकं— तो मीच आहे, म्हणजे तो—