बाबांनी शिवलेली कोरी पानं

तीर्थरूप बाबांना लेकीचा दुरून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते, आईला सांगा.

अपघातात माझं शिक्षणाचं वर्ष बुडालं, त्याच्या भरपाईची काल सुनावणी झाली. बस कंपनीचे वकील म्हणाले, "ही पुढे शिकलीच असती कशावरून?" आमच्या वकीलबाईंनी तुमचं बाड पुढे केलं. पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं तुम्ही मशीनवर शिवून पाठवलीत, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला होता. मूळ कागदांना भोकं पाडतं का कोणी?

न्यायाधीशांनी मात्र एकेक पान उलटलं. प्रत्येकावर तुमची सही. शेवटी चार कोरी पानं आली.

"ही कशाची?"

मी म्हणाले, "पुढच्या वर्षांची. बाबांनी जागा ठेवलीय."

न्यायाधीश त्या कोऱ्या पानांवरून हात फिरवत राहिले. जन्मभर तुम्हाला शिवताना पाहिलं, पण तुम्ही काय शिवत होतात ते काल कळलं.

निकाल महिन्याभराने लागेल. सुईत दोरा आता कोण ओवून देतं?

अक्षर वाकडं दिसेल. डाव्या हाताचं आहे, उजवा अजून रुसलाय. परीक्षेचा फॉर्मही याच हाताने भरला. सहीसाठी पेन काढून ठेवा.

तुमची,
थोरली