चर्चच्या पायऱ्यांवरचा पहारा

यादविगाबाई,

वॉर्सात येऊ घातलेल्या गर्भपातबंदीविरुद्ध बायका काळे कपडे घालून मोर्चा काढत होत्या. त्या दिवशी बंदीच्या बाजूने असलेल्या आमच्या पक्षाने आम्हाला चर्चच्या पायऱ्यांवर पहाऱ्याला ठेवलं होतं. तुम्हीही काळ्या कपड्यांत आलात. म्हणालात, "आई वारलीय, तिच्या प्रार्थनेला आलेय हो, दादा."

"सगळ्यांच्या आया आजच मेल्या का?" म्हणत, मोर्चातल्याच समजून मी तुम्हाला ढकललं. तुम्ही अकरा दगडी पायऱ्या गडगडत गेलात. तुमच्या पायांवरून रक्त वाहताना दिसलं, तरी मी घोषणा देतच राहिलो.

पोटातलं मूल गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. मी पोलिसांकडे निघालो, तर आमचे अध्यक्ष गोस्लाव हसले. "निवडणूक पंधरा दिवसांवर आलीय, कोन्राद. दहा आठवड्यांचं तर होतं. त्याला काय मूल म्हणायचं?" दात पडेपर्यंत मी त्यांच्या जबड्यावर ठोसे मारत सुटलो.

वीस वर्षं मी व्यासपीठावरून सांगत आलो, की पोटातला जीव पहिल्या दिवसापासून माणूसच असतो. आजही तेच म्हणतो. म्हणून पोलिसांना मी धक्काबुक्की सांगणार नाही, खून सांगणार आहे. ते मेलेल्याचं नाव विचारतील. ते नाव तुम्हाला विचारायला मला तोंड नाही, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील.

तुमचा अपराधी,
कोन्राद