मुठीवरची शेवटची पट्टी

ठमे,

कोपर शेकून मगच कोर्टवर जा. दूध तापवून ठेवलंय.

तुझे सर म्हणतात ते खरं आहे. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एकच बोट मावायला हवं. काल तू धरलीस तेव्हा दोन मावली. मूठ जाड आहे, म्हणून कोपर दुखतं. चूक माझी. आई गेल्यावर तिच्या या रॅकेटच्या मुठीवरची तिची पट्टी झिजू नये म्हणून मीच वरून दोन पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

त्या दोन्ही आज सकाळी काढल्या. तरी मूठ तुला मोठीच होईल, आईचा हातच तेवढा होता. आता खाली तिनं स्वतः गुंडाळलेली पट्टी आहे. डावरी ना, सगळं उलट्या बाजूनं! तिच्या अंगठ्याचा खळगा अजून तसाच आहे. माझा हात काही पुढे जाईना.

ती तूच काढ. नवी पातळ पट्टी टेबलावर आहे. आज दुकानाला सुट्टी आहे हे तुला ठाऊक आहे, तरी मी बाहेर जातोय. कुठे, विचारू नकोस.

जुनी पट्टी केरात टाकू नकोस. आणि कृपा करून धुऊ नकोस.

बाबा